शनिवारी मी लातूरला होते

भूतबित सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. आमच्या घरात अमावस्येला लिंबू बांधलं तरी मी सोडून सरबत करते! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण तीन महिने झाले, डोक्यातून जात नाही.

नांदेडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी चोवीस वर्षं आहे. ग्रंथपाल व्हायला निघालेली पोरं-पोरी आमच्याकडे दीड महिना शिकायला येतात, ती माझ्या हाताखाली. मी कडक आहे, लपवत नाही. पोरं मागून काय म्हणतात तेही ठाऊक आहे.

यंदा उदगीरची शिवलीला आली होती. किराणा दुकानदाराची मुलगी. गावच्या कॉलेजात जागा निघालेली, फक्त आमचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं नाही तर घरचे लग्न उरकून मोकळे होणार होते. पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं तिनं.

त्या शनिवारी मी लातूरला गेले. नव्या प्राध्यापकांना ग्रंथालय कसं वापरायचं, ते शिकवायचं होतं. सकाळच्या बसनं गेले, संध्याकाळी परत. दान आलेल्या पुस्तकांवरची धूळ पुसून ठेव, एवढंच शिवलीलाला सांगितलेलं.

सोमवारी बघते तर काय... सगळ्या पुस्तकांवर शिक्के! आणि सदतीसाव्या पानावरसुद्धा!

हे सांगायला हवं — प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. कुणी पुस्तक चोरून पहिली पानं फाडली, तरी त्या पानावरच्या शिक्क्यानं पुस्तक आपलं म्हणून ओळखता येतं. आमचं सदतीसावं. शिकाऊ पोरांना ते मी कधीच सांगत नाही. आणि शिक्का माझ्या ड्रॉवरमधे, किल्ली माझ्या पर्समधे. पर्स लातूरला!

माझं डोकंच फिरलं. "ड्रॉवर उघडलास कसा गं?"

"मी कशाला उघडू मॅडम? तुम्हीच काढून दिला की शिक्का!" पोरगी रडायलाच लागली. "शनिवारी दोन तास बसल्त्या माझ्यापाशी. पान बी तुम्हीच सांगितलं..."

चोर ती चोर, वर शिरजोर — असंच वाटलं मला. प्रमाणपत्रासाठीच्या तिच्या फॉर्मवर शेरा लिहिला : विश्वास ठेवण्याजोगी नाही. खाली सही ठोकली.

फॉर्म ऑफिसात द्यायला निघाले, तर व्हरांड्यात हबीबभाई भेटले, आमचे जुने शिपाई. सहज विचारलं, "शनिवारी वर कोण आलं होतं?"

"तुम्हीच ना मॅडम. त्या पोरीला शिकवून राहिल्त्या. चहा विचारला तर मानेनंच नको म्हणल्या."

परत फिरले. दाखल पुस्तकांची वही उघडली. शनिवारच्या बाकी नोंदी शिवलीलाच्या, पण पहिल्या दहा... माझ्या अक्षरात. 7 च्या पोटात आडवी रेघ, ती सवयसुद्धा माझीच. गेटवरचा कॅमेरा तपासला. शनिवारभर मी कुठंच नाही. लातूरच्या फोटोंत मात्र पहिल्या रांगेत उभी आहे, चाळीस प्राध्यापकांच्या मधे.

फॉर्म तिच्यासमोरच फाडला. नवा लिहिला, चांगला. "चुकलं माझं," म्हणाले. हे शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदाच उच्चारले असतील.

तिनं डोळे पुसले. जाता जाता म्हणाली, "एक विचारू का मॅडम? शनिवारी तुम्ही लई मायेनं बोलल्या. माझा शिक्का दोनदा वाकडा पडला, तर हात धरून दाखवलं. जेवलीस का म्हणून विचारलं. मग सोमवारी काय झालं तुम्हाला?"

चोवीस वर्षांत मी कुण्या पोरीचा हात धरून शिकवलेलं नाही. जेवलीस का, हे तर नाहीच.

शिवलीला आता उदगीरला नोकरीवर आहे. मी कुलूप बदललं, डोळे तपासून घेतले, बीपी तपासलं. उत्तर काही सापडलं नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. बाहेरगावी जायचं म्हटलं की आता जीव खालीवर होतो.

परवा लातूरला पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या हबीबभाईंना विचारलं, "काल मी आले होते का हो?"

वाटलं, हसतील. ते आठवायला लागले.