पावलिनाचा निळा

श्टिप गावाच्या खालच्या अंगाला, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे पावलिनाचं गॅरेज आहे. मोटार त्यात कधीच शिरली नाही. आत जाळी ताणलेल्या छपाईच्या चौकटी, रंगाचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले शर्ट. गिरणी बंद झाली तेव्हा बायकांनी कुणी शिलाई मशीन उचललं, कुणी कात्र्या. पावलिनाने छपाईखात्यातल्या चार चौकटी हातगाडीवर घालून घरी आणल्या. अठराव्या वर्षी ती त्या खात्यात लागली होती. तिथला निळा तिने डोळ्यांतूनच आणला, त्याला हातगाडी लागली नाही.

गिरणी गेली, पण गिरणीचा फुटबॉल क्लब राहिला. त्कायाच, म्हणजे विणकर. पांढरा शर्ट आणि छातीवर रुंद निळा पट्टा. त्या निळ्याचं माप कुठेही लिहिलेलं नव्हतं. दोन पळ्या निळा, नखभर काळा, आणि लाल किती ते फक्त पावलिनाला ठाऊक. रंग कालवला की चिंधीवर ओढायचा, चिंधी दारात उजेडाला धरायची, आणि जरा इकडेतिकडे वाटला तर अख्खा डबा ओतून द्यायचा. असं तिने सव्वीस वर्षं केलं. नवरा ब्लागोय क्लबचा जुना गोलकीपर. तो वैतागायचा. "अगं बाई, मॅच बघायला येतात लोक. रंग बघत कोण बसतंय?"

"मी बसते," ती म्हणायची.

ब्लागोय गेल्याला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा क्लबचा सेक्रेटरी ओर्त्से दारात येऊन उभा राहिला. कॉफी नको म्हणाला, तेव्हाच तिने ओळखलं.

"मावशी, यंदा शर्ट त्या नव्या छपाईवाल्या स्लाव्चोकडे टाकतोय. डीटीएफ."

"ते काय असतं?"

"कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, ते फिल्मवर उलटं छापायचं, वर पावडर, मग गरम करून शर्टावर दाबायचं आणि फिल्म सोलून काढायची. झालं. ज्याच्या त्याच्या पाठीवर ज्याचं त्याचं नाव. एकच शर्ट हवा असला तर एक."

"मी तिसाच्या खाली घेत नाही."

"तेच तर म्हणतोय. तुला दर नावाला नवी चौकट लागणार. वीस पोरं, वीस चौकटी. तूच सांग, मी काय करू?"

तो म्हणत होता त्यात खोट नव्हती, आणि तेच तिला जास्त झोंबलं. एका नावासाठी चौकट बांधणारा माणूस वेडाच म्हणायचा. ती गप्प बसली असती, खरंच बसली असती. पण ओर्त्से जाता जाता म्हणाला, "निळा तेवढा दे. जुना एखादा शर्ट असेल ना? स्लाव्चो त्याच्यावरून रंग उचलतो."

रंग उचलतो म्हणे. सव्वीस वर्षांचं काम, आणि हा उचलायला आलाय, जसं काही बाकावर विसरलेलं छत्री-दप्तर. पावलिनाचं डोकं फिरलं.

कपाटात ब्लागोयचे क्लबचे दोन शर्ट होते, मॅच बघायला जाताना घालायचे. एक कागदात गुंडाळलेला, कोरा. तो हंगाम सुरू व्हायच्या आधीच गेला, त्याला अंगात घालायला मिळाला नाही. दुसरा नऊ उन्हाळे बाल्कनीच्या तारेवर वाळलेला, पट्टा उडून पार फिक्का झालेला. तिने तो दुसरा दिला. मनात म्हणाली, घाला हा. पहिल्याच मॅचला गाव तुमच्या तोंडात शेण घालतंय की नाही बघते, आणि मग या माझ्या दारात.

स्लाव्चो बिचारा भला माणूस. तो शर्ट घेऊन तिच्याकडे आला.

"मावशी, हा विटलेला वाटतोय गं. मी गडद करू का? तू शेजारी येऊन बस, म्हणशील तिथे थांबतो."

दार उघडंच होतं. एक शब्द टाकायचा, की निळा वाचला असता. पावलिना म्हणाली, "हाच आहे. ब्लागोयचा आहे तो."

मेलेल्या माणसाचं नाव आल्यावर तो काय वाद घालणार? मान हलवून गेला.

रविवारच्या मॅचला ती अर्धा तास आधी जाऊन बसली. पोरं मैदानात उतरली, छातीवर तो फिक्का पट्टा. पावलिना लोकांच्या तोंडांकडे बघत राहिली. आत्ता कुणीतरी बोलेल, आत्ता बोलेल. शेजारची बाई बोलली. तिच्याही अंगात तसाच नवा शर्ट होता, पाठीवर नाव घातलेला.

"काय सुबक काम केलंय नाही? हात लावून बघ."

तिने बघितलं. मऊ, पातळ, कडा स्वच्छ, नावातलं एक अक्षर वाकडं नाही. काम वाईट असतं तरी बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी कुणी बोललं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हिवाळ्यात क्लबच्या फाटकाला त्याच फिक्क्या निळ्याचा हात मारला. मग पास्त्रमायलियाच्या भट्टीवाल्याने दुकानाची पाटी तशी करून घेतली. मांसाच्या पोळीला आणि निळ्या रंगाला काय संबंध, देव जाणे. स्लाव्चोच्या कॉम्प्युटरात त्या रंगाला नावसुद्धा पडलं. त्कायाच निळा. खरं काय ते सांगायला तिला रोज सकाळी एक दिवस मिळत होता, आणि रोज ती तो घालवत होती. जिरायची होती ती त्यांची. तीच अजून जिरली नव्हती.

पुढच्या ऑगस्टमध्ये क्लबने जुन्या गोलकीपरांचा सत्कार ठेवला. ब्लागोयच्या वतीने तिला बोलावलं. पावलिनाने कागद सोडला, कोरा शर्ट अंगात घातला, वर जाकीट घातलं आणि ते उघडं ठेवून निघाली. बघू देत सगळ्यांना.

फाटकावर तिकिटं फाडायला सेव्दा होती, अंगात क्लबचा नवा शर्ट. गिरणीत बावीस वर्षं ती पावलिनाच्या शेजारच्या टेबलावर, तोच रंग, तेच डबे.

"हे काय घालून आलीस गं? बाजारातून उचललास का? आपला निळा असा कुठे आहे?"

"हाच आपला आहे, सेव्दे. तुझ्या अंगावरचा विटका आहे. मीच मुद्दाम विटका दिला होता."

बोलली एकदाची. मोठ्याने बोलली, मागच्या रांगेनेही ऐकलं. सेव्दा हसली असती तर भांडता आलं असतं. ती हसली नाही. तिने पावलिनाला हात धरून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "डोळे दाखवलेस का गं कुणाला? मलापण असंच व्हायचं. मोतीबिंदू निघाला." मग पाठीवर हात फिरवून, "स्लाव्चो आतच बसलाय मशीन घेऊन. एकच असला तरी करून देतो. ब्लागोयचं नाव घालून घे."

आतून कर्ण्यावर ब्लागोयचं नाव पुकारलं. ऊन मी म्हणत होतं. पावलिनाने जाकिटाची बटणं खालून वर एकेक करत गळ्यापर्यंत लावली आणि ती आत गेली.