वालाच्या खाचरात सोडलेलं पाणी

मोहोपाड्याच्या कारखान्यात मी कंत्राटावर पंप बघायचो. ते काम सुटलं आणि पळसदरीजवळच्या आमच्या गावातच एका फार्महाऊसचा स्विमिंग पूल सांभाळायला लागलो. मालक शनिवार-रविवारी येणार, बाकीचे पाच दिवस पूल माझाच, असा माझा रुबाब. पंपाचं काय बिनसलंय ते मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

पंप पुलातलं पाणी ओढतो आणि वाळूच्या टाकीतून गाळून परत सोडतो. वाळूत घाण साचली की आठवड्यातून एकदा पाणी उलटं फिरवून ती बाहेर काढायची, त्याला बॅकवॉश म्हणतात. ते गढूळ पाणी पाईपातून कुंपणाबाहेरच्या नाल्यात जायचं.

कुंपणाला लागून एका काकींचं छोटं खाचर होतं. भात कापून झाला की त्या तिथे वाल टाकायच्या. काकींचा हात चांगला, असं सगळं गाव मानायचं. कुणाचंही भाताचं बी पेरायचं असो, पहिली मूठ काकींनी टाकायची. लोक बोलवायला येऊन अंगणात बसायचे, आणि काकी मुद्दाम त्यांचा चहा संपेपर्यंत हो म्हणायच्या नाहीत. तेवढी ऐट त्यांना शोभायची.

तीन वर्षांपूर्वी पाऊस लवकर गेला. जमिनीत ओल राहिली नाही आणि वाल माना टाकायला लागला. ते बघून माझ्या अंगात दानशूरपणा संचारला. पाणी नाल्यात वाया जातंच आहे, पाईप जरा वळवला की खाचरात. काकींना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पन त्यात औषध टाकता ना रं तुमी?"

"काकी, पंपातलं मला कळतं," मी म्हणालो. "गाळाचं पाणी हाय. खतच समजा."

डिसेंबरच्या शेवटी मालकांचे पाहुणे यायचे होते आणि नेमकं पाणी हिरवं पडलं. मी क्लोरीन दुप्पट टाकलं. पाणी निवळलं, पण सगळी घाण वाळूत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकवॉश बराच वेळ चालवला. पाईप खाचरातच होता.

पाच-सहा दिवसांत पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या, मग तांबूस झाल्या. फुलं गळली. पाईपाच्या तोंडापाशी गवत होतं, तेही जळालेलं. ते बघितलं आणि मला सगळं कळलं. कोयत्यानं मी ते गवत कापलं, पंपाच्या खोलीमागे फेकलं आणि पाईप परत नाल्याकडे वळवला. हे करताना कुणी बघत नाही ना, ते मी दोनदा वळून पाहिलं.

काकी कुंपणाशी आल्या तेव्हा मी पंपाची जाळी धूत होतो. 

"तू पानी दिलंस तरी वाल नाय आला," त्या म्हणाल्या. "माझा हातच गेला रं."

तेव्हा खरं काय ते एका वाक्यात सांगायचं होतं. मी म्हणालो, "यंदा हवाच वाईट हाय, काकी. सगळीकडं तेच." दोन बांध पलीकडे दुसऱ्याचा वाल शेंगांनी लगडला होता. काकींनी तिकडे पाहिलं आणि घरी गेल्या.

नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. मालकांना यातलं काही कळणार नव्हतं. पंपवाल्याला एवढंही कळत नाही, असं गावात कुणी म्हणू नये, फक्त तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

पावसाळ्याच्या तोंडावर लोक नेहमीसारखे काकींना बोलवायला गेले. काकींनी चहा दिला आणि सांगितलं, "दुसऱ्या कुनाला तरी न्या." हे मला बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून मी त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी मलाही चहा दिला. तो पिऊन मी परत आलो.

त्या वर्षीचा भात कापून झाल्यावर काकींनीच मला हाक मारली. सुपात वालाचं बी होतं. "तू टाक," त्या म्हणाल्या. "पानी द्यायचं तुझ्याच मनात आलं. तुझा हात चांगला हाय."

मी टाकलं. पावसानं खाचर धुऊन निघालं होतं आणि पाईप आता नाल्यात होता, तेव्हा वाल येणारच होता. असा आला की काकी गावभर सांगत सुटल्या. पहिल्या शेंगा त्यांनी आमच्या घरी पाठवल्या. बायकोनं आमटी केली आणि मी दोनदा मागून घेतली, हे लिहितानाही लाज वाटते.

यंदा भाताच्या पेरणीला एक जण माझ्या अंगणात येऊन बसला. त्याला काकींनीच पाठवलं होतं. नाही म्हणायला कारण एकच होतं आणि ते मला सांगायचं नव्हतं. मी गेलो. काकी बांधावर उभ्या होत्या. मी मुठीत बी घेतलं तशा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. बियाण्यालाच जोडले असतील. मी खाली मान घालून मूठ टाकली.