मारबरीच्या नावाची अकरा मिनिटं

"बोलणाऱ्याला हवा पुरते, टेप वाजवणाऱ्यासाठी राखावी."

होझिया गॅस्किन्सचं हे वाक्य नॉर्थ फिलाडेल्फियात ज्यानं ऐकलं नाही तो एकतर बहिरा असायचा, नाहीतर परगावचा. पोस्टात पत्रांची छाटणी करताना शेजारी उभ्या असलेल्याला तो ते सांगे. रविवारी चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना बाकांवर बसवताना, कुणी विषय काढला की हळूच सांगे. बायको होती तेव्हा तिलाही सांगायचा. ती म्हणायची, "मग मी तीस वर्षं बोलतेय ते कशात भरून ठेवलंस?" तो हसायचा आणि तळघरात उतरायचा.

तळघरात त्याचं खरं घर होतं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर टेपची स्पूलं, प्रत्येकाच्या खोक्यावर त्याच्या वळणदार अक्षरात वाजवणाऱ्याचं नाव, जागा, तारीख. दुकानात मिळणारी एकही तबकडी तिथं नव्हती. होतं ते फक्त बारमधलं, चर्चच्या हॉलमधलं, बंधुमंडळाच्या लॉजमधल्या नाचातलं, त्या त्या दिवशी एकदाच वाजलेलं आणि एरवी छताला लागून विरून गेलेलं. त्यातही सॅक्सोफोन. होझियाला बाकीची वाद्यं म्हणजे जेवणातली भाकरी वाटायची, आणि सॅक्सोफोन म्हणजे कालवण.

हा छंद जगात तुरळक लोकांना असतो, पण ज्यांना असतो ते एकमेकांना शोधून काढतात. त्यांचे नियमही ठरलेले. टेप विकायची नाही. एकीच्या बदल्यात एक पाठवायची. वाजवणाऱ्याला आधी विचारायचं. आणि कुणाला काय दिलं ते वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या काही चूक निघाली तर मागं जाता येतं. होझिया हे नियम बायबलच्या खालोखाल पाळायचा.

त्याची सगळ्यात नामांकित टेप होती एकोणीसशे एकसष्टची, कोलंबिया अव्हेन्यूवरच्या हार्प बारमधली, शनिवार दुपारची. क्लाइड मारबरी तेव्हा आठवडाभर मुक्कामाला होता. मारबरी म्हणजे त्या काळातला टेनर सॅक्सोफोनचा राजा, आणि पुढे तीनच वर्षांत तो गेला. होझियानं टेबलाखाली यंत्र ठेवलं होतं, टेबलावर टोपी, टोपीत मायक्रोफोन. बारमालकाची संमती होती, मारबरीचीही होती. पहिलं गाणं संपलं, मारबरी माइकजवळ येऊन काही बोलू लागला, आणि होझियानं आपल्या नियमाप्रमाणे बटण दाबून टेप थांबवली. स्पूलही संपत आलं होतं. तो टेबलाखाली वाकला आणि नवीन स्पूल चढवू लागला. वर टाळ्या झाल्या, कुणीतरी शीळ घातली, खुर्च्या सरकल्या. तो उठून बसला तेव्हा पुढच्या टेबलांवरची माणसं उभी राहिली होती आणि मंच दिसत नव्हता. त्यानं कानांना हेडफोन लावले, नजर यंत्रावरच्या आवाजाच्या सुईवर ठेवली, आवाज फाटू नये म्हणून. आणि अकरा मिनिटं तो मान वर न करता ऐकत राहिला.

ती अकरा मिनिटं काय होती ते सांगता येत नाही. संथ गाणं होतं. सॅक्सोफोन आधी जमिनीलगत चालला, दबकत, परक्याच्या अंगणातून जावं तसा. आणि सातव्या मिनिटाला त्यानं असा एक चढ घेतला की हार्प बारमध्ये ग्लासचा आवाजसुद्धा थांबला. टेपवर ती शांतता ऐकू येते. घरी येऊन होझियानं खोक्यावर लिहिलं: क्लाइड मारबरी.

पाहुणा वाजवणारा शनिवारच्या दुपारी एक गाणं वस्तीतल्या माणसाला वाजवायला देतो, ही आपल्याकडची रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. त्या दिवशी ती त्याच्या मनात आली नाही, इतकंच.

त्या टेपनं त्याला जग दिलं. कोपनहेगनच्या एका दंतवैद्यानं तिच्या बदल्यात सहा टेप पाठवल्या. ओसाकाच्या एका मास्तरानं मारबरीचा तो चढ सुरासुरानं कागदावर उतरवून धाडला. न्यूयॉर्कहून वाजवणारे यायचे, तळघराच्या पायऱ्यांवर बसायचे, डोळे पुसत वर जायचे. वहीत त्रेचाळीस नावं झाली. भिंतीवरच्या निम्म्या फळ्या त्या अकरा मिनिटांच्या बदल्यात भरल्या होत्या.

शनिवारी सकाळी होझिया आपलं यंत्र घेऊन पर्व्हिस न्हाव्याच्या दुकानात जायचा. दाढी होईपर्यंत टेप वाजायची, वाट पाहणारे बाकावर बसून माशाचं सँडविच खात ऐकायचे. सत्तर साली अशाच एका शनिवारी ती टेप लागली होती. बाकाच्या टोकाला वेंडेल टिब्ज बसला होता. चार गल्ल्यांपलीकडच्या लॉन्ड्रीत तो कपडे दाबायच्या यंत्रावर काम करायचा. शांत माणूस, हातांवर वाफेचे डाग. तोही सॅक्सोफोन वाजवतो हे सगळ्यांना माहीत होतं, जसं एखादा पोहतो हे माहीत असतं. सातवं मिनिट आलं तेव्हा तो म्हणाला, "हा मी आहे."

पर्व्हिसचा वस्तरा थांबला. "कोण तू?"

"मारबरीनं मला वर बोलावलं होतं. एक गाणं दिलं. हे ते."

"वेंडेल," पर्व्हिस म्हणाला, "त्या लॉन्ड्रीतली वाफ तुझ्या डोक्यात गेलीय. डोक्यालाच एक इस्त्री मार."

दुकान हसलं. मग सगळ्यांनी होझियाकडे पाहिलं, कारण टेप त्याची होती. होझिया म्हणाला, "मी तिथं होतो. मारबरीच होता." आणि तोही हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला.

त्या दिवसापासून वेंडेलचं नावच मारबरी पडलं. तो दारात आला की कुणीतरी म्हणायचं, "उठा रे, मारबरीला जागा द्या." लॉन्ड्रीत कपडे टाकायला जाणारे म्हणायचे, "मारबरी, पँटची घडी नीट पाड, नाहीतर सूर हलेल." वेंडेल पुन्हा काही बोलला नाही. दाढीला यायचा, ऐकून घ्यायचा, जायचा. पण त्यानं सॅक्सोफोन पलंगाखाली ढकलला. वस्तीतल्या लोकांनी तो एकदाच परत पाहिला, चौऱ्याहत्तर साली, त्याच्या आईच्या अंत्यविधीला.

होझिया त्या दिवशी चर्चच्या दाराशी उभा होता, हातमोजे घालून. वेंडेल शवपेटीशेजारी उभा राहिला आणि भजन वाजवू लागला. पहिली दोन कडवी साधी गेली. तिसऱ्या कडव्यात वर जाण्याआधी त्यानं एक छोटासा श्वास घेतला, ओठांच्या कोपऱ्यातून, घोट चोरून प्यावा तसा, आणि मग चढला. होझियानं तो श्वास टेपवर, सातव्या मिनिटाच्या चढाआधी, हजार वेळा ऐकला होता. मारबरीच्या दुसऱ्या एकाही टेपवर तो नव्हता. हे त्याला आधीही जाणवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यानं तो विचार खाली दाबला होता. आता दाबायला जागा उरली नाही. त्याच्या हातमोज्यांच्या आत घाम सुटला.

माणूस चुकतो, त्याची लाज आठ दिवसांत धुवून निघते. पण होझियानं दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं. त्या त्रेचाळीस लोकांना काय लिहायचं? राजाच्या नावावर मी तुम्हाला लॉन्ड्रीवाला दिला? तो दर शनिवारी पर्व्हिसकडे जात राहिला. "मारबरी आला" हे ऐकत राहिला. हसायचं मात्र सोडलं. एवढंच प्रायश्चित्त त्यानं घेतलं, आणि ते पुरेसं नाही हे त्याला कळत होतं.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात वेंडेलची मुलगी व्हर्लीन त्याच्या दारी आली. ती शाळेत शिकवायची. हातात रताळ्याची भाजलेली गोड पाई होती, कापडात गुंडाळलेली. म्हणाली की डॅडींची फुप्फुसं गेली आहेत, लॉन्ड्रीतल्या रसायनांनी. डॉक्टर नाताळापर्यंत म्हणतात.

"मिस्टर होझिया, ते स्वतः विचारणार नाहीत. मी विचारते. हार्प बारमधल्या त्या शनिवारचं त्यांचं काही आहे का तुमच्याकडे? एखादं मिनिट असलं तरी चालेल. आजीच्या वेळचं ते भजन सोडलं तर मी त्यांना वाजवताना कधी ऐकलंच नाही नीट."

होझिया म्हणाला, "नाही, बाई. स्पूल संपलं होतं."

तिनं आभार मानले. पाई टेबलावर ठेवून गेली.

तो त्या पाईकडे बघत बसला. संध्याकाळी त्यानं सुरी घेतली, परत ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती, तिसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा तडकला. तळघरात खाली जायची त्याला हिंमत होईना. स्वतःच्याच अक्षरातली खोकी त्याच्याकडे बघतील असं वाटायचं. चौथ्या दिवशी त्यानं वही काढली आणि पत्रं लिहायला घेतली. तीन आठवडे लागले. प्रत्येकाला हातानं लिहिलं: एकसष्टच्या टेपवरचं दुसरं गाणं मारबरीचं नाही, फिलाडेल्फियाच्या वेंडेल टिब्जचं आहे, नाव खोडून हे लिहावं, मला नऊ वर्षं ठाऊक होतं. शेवटचं वाक्य लिहिताना हात दर वेळी अडायचा. दंतवैद्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं. त्यानं लिहिलं होतं की हे अशक्य आहे, आणि गॅस्किन्स यांनी आता कानांवर विसंबू नये.

पत्रांच्या नकला आणि टेपची कॅसेट घेऊन तो व्हर्लीनकडे गेला. तिनं त्याला आत घेतलं नाही. दारातच उभं राहून तिनं पहिलं पत्र वाचलं, मग बाकीच्यांची नुसती नावं.

"ओसाकाला कळवलंत," ती म्हणाली. "कोपनहेगनला कळवलंत."

"हो."

"आणि पर्व्हिसच्या दुकानाला?"

होझिया पायरीकडे बघू लागला.

"माझ्या वडिलांना ओसाकात कुणी मारबरी म्हणत नाही, मिस्टर होझिया." तिनं कॅसेट त्याच्या हातात परत दिली. "शनिवारी त्यांची दाढी असते. साडेदहाला."

शनिवारी तो यंत्र घेऊन गेला. वेंडेल खुर्चीत होता, गळ्याभोवती पांढरं कापड, कापडात माणूस आहे की नाही कळू नये इतका वाळलेला. बाकावर पाच-सहा जण. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "होझिया, मारबरीला मारबरी ऐकव."

होझिया बसला नाही. टोपी हातात घेऊन खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "तो हाच आहे. टेपवर. मारबरी नाही. वेंडेल."

पर्व्हिस वळला. "तू म्हणाला होतास, मी तिथं होतो."

"होतो. टेबलाखाली डोकं घालून स्पूल बदलत होतो. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी टेप बंद केली होती. बघितलं काहीच नाही. आणि तुम्ही विचारलं तेव्हा बघितल्यासारखं बोललो."

बाकावरचा एक जण हसायला गेला आणि थांबला. वेंडेलनं आरशातून होझियाकडे पाहिलं. त्याचा आवाज आता श्वासाइतकाच उरला होता.

"तुला कधी कळलं?"

हाच एक प्रश्न होझियाला नको होता. तो सत्तर सालातली चूक सांगायला आला होता. कुणी एवढंच विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझ्या आईच्या अंत्यविधीला."

वेंडेलनं मनात मोजलं. ते त्याच्या ओठांवर दिसलं. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी या खुर्चीत, आणि तू त्या बाकावर."

"हो."

"दर शनिवारी."

"दर शनिवारी, वेंडेल."

पर्व्हिसनं वस्तरा पुसला, उगाचच, पुन्हा पुन्हा. सर्वात जास्त वेळा मारबरी म्हणणारा तोच होता, आणि त्याला ते आठवत असावं.

"लाव," वेंडेल म्हणाला.

होझियानं टेप लावली. अकरा मिनिटं दुकानात कुणी हललं नाही. रस्त्यावरून एक बाई आत येऊ लागली, तिनं तोंडं पाहिली आणि दार हळूच ओढून घेतलं. सातव्या मिनिटाला वेंडेलची बोटं कापडाखाली हलली. तो छोटा श्वास टेपवर आला तेव्हा खुर्चीतल्या वेंडेलनंही तो घेतला, पण त्याच्या छातीत तो पुरा गेला नाही. त्याला खोकला आला. पर्व्हिसनं त्याचा खांदा धरून ठेवला.

टेप संपली. बाकावरचा म्हातारा लुथर पेटवे उठला, वेंडेलपाशी गेला, त्याचा हात हातात घेऊन उभा राहिला.

"नवव्या मिनिटाला एक सूर चुकलाय," वेंडेल म्हणाला. "कामावरून तसाच आलो होतो. हात भाजलेला होता." मग म्हणाला, "बाकी ठीक आहे."

माफ करशील का, असं होझियानं विचारलं नाही, ते विचारायची त्याला लाज वाटली. त्यानं विचारलं, खोक्यावर नाव कसं लिहू, वेंडेल की पूर्ण नाव.

"वेंडेल आयझॅक टिब्ज," तो म्हणाला. "आयझॅक माझ्या आईनं ठेवलंय." आणि मग, राग नसलेल्या आवाजात, जो रागापेक्षा जड होता: "यंत्र इथंच राहू दे. मी अजून एकदा ऐकतो. तू जा आता, होझिया."

होझिया गेला. दाराशी त्यानं टोपी घालायला हात वर नेला आणि न घालताच बाहेर पडला. कोलंबिया अव्हेन्यूवर ऊन होतं, शनिवारची गर्दी होती. दोघा-तिघांनी "काय ब्रदर गॅस्किन्स" म्हणून हाक दिली आणि त्यानं मान वर केली नाही. तीस वर्षं यंत्र वाहून त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. आता हात मोकळा होता, तरी तो तसाच एका अंगाला कलून चालत होता.

पर्व्हिसनं पायानं कळ दाबून खुर्ची रस्त्याकडच्या काचेकडे फिरवली. एका गालाला साबण तसाच असलेला वेंडेल टिब्ज जाणाऱ्या होझियाकडे बघत राहिला, कोपऱ्यावर एक बस आड येईपर्यंत.