भातातला खडा

आमच्या घरात तेव्हा कायदा एकच होता आणि तो माझ्या सासूबाईंनी केला होता. कमरेला पट्टा आहे तोवर मी कशालाही हात लावायचा नाही. केरसुणीला नाही, कुकरला नाही, पाण्याच्या तांब्यालासुद्धा नाही. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हातभर रुंदीचा पट्टा दिला होता, पुढून चर्रर्रकन उघडणारा, तोच हा. ‘घरात येका येळंला येकच आजारी परवडतो,’ त्या म्हणायच्या. ‘आत्ता तुजी पाळी हाय. गप पडून ऱ्हा.’ त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या लग्न होऊन मोशीत आल्या तेव्हा दारासमोर ज्वारी होती. आता दारासमोर सोसायटीची भिंत आहे, पण आत्यांचा आवाज अजून बांधापलीकडं हाक मारायचाच आहे.

मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर आहे. शिफ्टभर उभं राहायचं, वाकून वायरी बसवायच्या, परत सरळ व्हायचं, परत वाकायचं. फर्स्ट शिफ्टला निघताना पोरगी झोपलेली, सेकंड करून आले की पुन्हा झोपलेली. रविवारी ती जागी असायची तेव्हा मी मेल्यासारखी पडलेली. कंबर केव्हाची कुरकुरत होती, मी तिला भीक घातली नाही. मग एक दिवस कंपनीच्या बसमधून उतरताना डावा पाय उचलेचना. मागची बाई म्हणाली, ‘अगं उतर की, काय रुसलीस?’ आणि मी तिथंच पायरीवर बसले. मणक्याची गादी सरकून नस दाबली होती. ऑपरेशन करावंच लागलं.

पहिले काही दिवस वाईट गेले, ते सांगत बसत नाही. कूस बदलायलासुद्धा नवऱ्याला हाक मारावी लागायची आणि तो बिचारा इतका घाबरत घाबरत हात लावायचा की मलाच त्याची कीव यायची. त्याचं चिखलीला लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड कसं धरायचं ते त्याला बरोब्बर कळतं, बायकोला कसं धरायचं ते नाही. मी ओरडायचे, तो सॉरी म्हणायचा.

पण नंतर, दुखणं ओसरल्यावर, काय सांगू! मला माझं घर सापडलं. पोरगी चौथीत आहे आणि शाळेतून आल्यावर ती तासभर नुसती बोलते, हे मला माहीतच नव्हतं. कोणाची कोणाशी कट्टी, कोणत्या बाई ओरडल्या, कोणाच्या डब्यात काय होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती सगळा हिशोब द्यायची आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत ऐकायची. माझा नवरा नकला करतो, हेही मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या अशा काही नकला करायचा की हसून हसून टाके तुटतील म्हणून मी उशी पाठीशी घट्ट लावायची.

आणि रात्रीचं जेवण! आमच्याकडं तांदूळ माझ्या माहेरून, मावळातून येतो. वासाला असा की शेजारच्या घरी कळावं, पण त्यात खडे फार. निवडल्याशिवाय शिजवायची सोय नाही. एरवी ते काम माझं, सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा तांदूळ निवडून ठेवायचा. आता आत्या निवडायच्या आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या दाताखाली खडा यायचाच. पोरीनं त्याचा खेळ केला. ज्याला खडा लागेल त्यानं उठून गाणं म्हणायचं. नवऱ्याला लागला की तो मुद्दाम भसाड्या आवाजात गायचा. मला लागला की मला बसल्या बसल्या गायची सूट. ‘आजी, आज किती खडे टाकलेस?’ पोरगी विचारायची आणि आत्या म्हणायच्या, ‘मोजून टाकल्यात, प्रत्येकाला येक.’ सगळे हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी बघितलं, वाकवलं, चालवलं आणि म्हणाले, ‘झकास. आता पट्टा नको. घरातली हलकी कामं सुरू करा, उलट बरं असतं.’ नवरा बाहेर औषधांच्या रांगेत होता. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, ‘काय म्हणाले?’

मी म्हणाले, ‘अजून थोडे दिवस ठेवा म्हणाले.’

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून गेलं आणि गेल्यावर इतकं बरं वाटलं की मी ते परत घेतलं नाही. पट्टा सुटला की मी स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बसमध्ये, बसमधून लाइनवर. मांडीवरचं डोकं गेलं, नकला गेल्या. थोडे दिवस, मी मनाशी म्हटलं. कोणाचं काय जातंय?

मग मी दुपारी, घरात कोणी जवळ नसलं की पट्टा काढून आरामात बसायची. आत गरम होतं हो, घामोळं येतं. बाहेर पावलं वाजली की चर्रर्र करून परत बांधायची. चोरासारखी. पण गंमतही वाटायची, खोटं कशाला सांगू?

आत्यांचं काय चाललंय ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पलंगावरून स्वयंपाकघर सरळ दिसतं. चहा ओतताना त्या आधी बोट कपाच्या काठावर ठेवायच्या आणि मग ओतायच्या, तरी अर्धा बशीत. एकदा शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं. नवरा म्हणाला, ‘आई, कंपनीचं कॅन्टीन बरं गं तुझ्यापरीस.’ त्यावरही आम्ही हसलो. त्यांच्या मनगटावर कढईचा चटका बसला तेव्हा मी म्हणाले, ‘आत्या, जरा बघून करा की,’ आणि तेही जरा वैतागून. वय झालं, असं मी ठरवून टाकलं होतं. वय झालं म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही.

एक दिवस दुपारी आत्यांचा फोन वाजला. त्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. मी पट्टा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. फोन मी उचलला. पलीकडं डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी होती.

‘आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलंय,’ ती म्हणाली. ‘सर विचारतायत, कधी आणताय? एक डोळा फार पिकलाय त्यांचा.’

‘कसलं ऑपरेशन?’ मी विचारलं.

‘तुम्हाला नाही सांगितलं? गावातल्या तपासणीत निघालं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सुनेचा पट्टा सुटला की येते. सुटला का पट्टा?’

पट्टा माझ्यासमोर खुर्चीवर लोंबत होता. मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चहाच्या कपावरचं ते बोट, मिठाचा शिरा, भातातले खडे, सगळं एका झटक्यात कळलं. इतके दिवस आम्ही रोज रात्री त्या बाईच्या न दिसण्यावर गाणी म्हणत होतो.

आत्या आत आल्या. मी पट्ट्याशिवाय उभी होते. त्यांनी बघितलं की नाही देव जाणे.

‘आत्या, दवाखान्यातून फोन होता.’

‘व्हय का,’ त्या म्हणाल्या आणि रिकामी बादली खाली ठेवली.

‘माझा पट्टा कधीच सुटलाय, आत्या. डॉक्टरांनी केव्हाचा काढायला सांगितलाय. मी खोटं बोलले.’

‘ठावं हाय मला.’

‘ठावं हाय? कसं?’

‘अगं, डोळं गेल्यात, कान हायत की. दुपारच्याला चर्र वाजतंय, म्या पाय वाजिवलं की पुन्यांदा चर्र वाजतंय.’

आता मला राग आला. लाज वाटली की मला आधी राग येतो, हा माझा स्वभाव. मी म्हणाले, ‘मग बोलायचं ना! दोन शब्द सुनवायचे! ऊठ म्हणायचं, माझा डोळा जातोय म्हणायचं!’

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. ‘काय बोलू? लगीन होऊन आलीस तवापास्नं तुला बसल्याली बगितली न्हवती. आन् पोरगी आदी साळंतनं आली की मला हाक मारायची. आता तुला मारती. म्हनलं, मारू दे चार दिस.’

मी नुसती रडले. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं, कमरेला हिसका बसेल म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मी आणि नवरा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुगून आत दाब वाढला होता, मागच्या नसेला इजा झाली होती. ऑपरेशन लगेच करू, ते म्हणाले, पण या डोळ्याला पूर्वीसारखं दिसेल अशी आशा धरू नका. ‘थोडं आधी यायला हवं होतं, आजी.’

रिक्षातून घरी आल्यावर नवरा फुटला. एरवी आईपुढं आवाज न काढणारा माणूस, पण त्या दिवशी बोलत सुटला. ‘तुला अक्कल आहे का आई? एवढं अंगावर काढतं का कोणी? मला सांगायला काय झालं होतं? का लपवलंस?’

आत्या म्हणाल्या, ‘चुकलं माजं. म्याच येडी, म्याच ढकलली तारीख.’

मी तिथंच उभी होते, हातात चहाचा ट्रे. त्या माझ्याकडं वळल्यासुद्धा नाहीत. एक शब्द मी बोलायला हवा होता, हे मला तेव्हाच कळत होतं. थांबा, त्यांना नका बोलू, मला बोला. एवढंच. पण नवऱ्याचा तो चेहरा बघितला आणि धीर झाला नाही. मी चहाचे कप खाली ठेवले आणि आत गेले. आतून मला त्यांचं परत ‘चुकलं बाबा’ ऐकू आलं. आजवर नवऱ्याला मी खरं सांगितलेलं नाही. पोरीला तर नाहीच.

ऑपरेशन झालं. आत्यांना काळा चष्मा मिळाला आणि महिनाभर चुलीजवळ जायचं नाही असा हुकूम. आता माझी पाळी होती. मी सुट्टी वाढवून घेतली. मी त्यांना ताट पलंगावर द्यायची, डोळ्यांत थेंब घालायची, वेणी घालायची. पोरगी शाळेतून आल्यावर मी तिला ढकलून आजीकडं पाठवायची. ‘जा, आजीला सांग,’ म्हणायची. ती जायची, सांगायची आणि परत माझ्याकडं यायची. पोरांना कुठं कळतं कोणाचं कोणाला परत करायचं असतं ते.

मला मनातून एकच हवं होतं. आत्यांनी तो काळा चष्मा काढूच नये. महिना होऊ दे, दोन होऊ देत, त्यांनी बसून राहावं, चहा मागावा, मला रागवावं. मी एका शब्दानं विचारलं नसतं. फिटंफाट झाली असती आमची. पण डॉक्टरांनी ज्या दिवशी पुरे म्हटलं, त्याच दिवशी त्यांनी चष्मा डबीत घातला आणि पदर खोचला.

‘राहू द्या अजून थोडे दिवस,’ मी म्हणाले. ‘कोण बघतंय?’

‘न्हाई गं, बसून कसं व्हायचं? मला न्हाई जमत,’ त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. ‘तांदूळ दे निवडाया.’

‘मी निवडते.’

‘दे म्हनलं ना.’

दाराशी उजेडात बसून त्यांनी ताट मांडीवर घेतलं. मान डावीकडं कलती करून, बरा डोळा ताटाच्या अगदी जवळ नेऊन, एकेक दाणा बोटानं सारत होत्या. दुपारभर त्यांचं तेच चाललं होतं. मी दोनदा चहा दिला, दोन्हीदा निवला.

रात्री चौघं जेवायला बसलो. पोरगी कधीपासून वाट बघत होती. माझ्या हातच्या भातात खडा निघत नव्हता म्हणून तिचा खेळ बंद पडला होता. ‘आज आजीनं निवडलाय,’ ती टाळ्या वाजवत म्हणाली. ‘आज कोण गाणार?’

‘आज कुनी न्हाई गायचं,’ आत्या म्हणाल्या. ‘आज म्या बगून बगून निवडल्यात. येक ऱ्हायला आसंल तर नाव बदलीन.’ बोलताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की नवराही हसला. खूप दिवसांनी तो आईशी नीट हसला.

दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली कर्रकन आलं. चांगला मोठा होता. मी चावायची थांबले. आत्यांची मान माझ्याकडं वळली.

‘कुनाला लागला का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हणाले आणि घासाबरोबर खडा गिळून टाकला.

पातेलं जवळ ओढून आत्यांनी मला अजून थोडा भात वाढला.