समोरच्या टेकडीवरून उत्तर आलं नाही

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली, त्या वर्षी मी भूम तालुक्यात ईटजवळ एका तलावाच्या पाहणीवर होतो. साधा सर्व्हेअर. घर उस्मानाबादला. शाळा निम्मी उर्दूत आणि निम्मी मराठीत झालेली, कारण मधेच निजामाचं राज्य गेलं आणि शाळेची भाषाच बदलली. माझ्यावर एक ओव्हरसियर होते, पुण्याकडचे, माझ्याहून थोडे मोठे. ईटमध्ये एकाच घराच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि एकाच स्टोव्हवर चहा करायचो.

काम असं होतं की एका टेकडीवर दुर्बीण लावून एकानं बघायचं आणि ओढ्यापलीकडच्या टेकडीवर दुसऱ्यानं आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहायचं. हाक मारली तर वाऱ्यात जायची. झेंड्यांच्या खुणा करायचो, पण एक खूण चुकली की निम्मा दिवस वाया. म्हणून कचेरीनं आम्हाला दोन वायरलेस संच पाठवले. लष्करानं मोडीत काढलेला माल, हिरवट रंगाचा, चांगला हातभर लांब आणि पाटा उचलल्यासारखा जड.

ओव्हरसियरांनी ते खाटेवर ठेवून मला शिकवले. खालचं झाकण उघडून सेल बसवायचे. दोन्ही संचांत लहर ठरवणारा क्रिस्टल एकाच जातीचा हवा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. वरची दांडी ओढून काढली की संच आपोआप चालू होतो. वरचा गोल कानाला, खालचा तोंडाशी.

"बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं," ते म्हणाले. "दोघं एकदम बोललो तर दोघंही बहिरे."

पहिल्या दिवशी मी माळावरून दांडी ओढली, बटण दाबलं आणि काय बोलावं तेच सुचेना. शेवटी म्हणालो, "साहेब, चहा घेतला का?" पलीकडच्या टेकडीवरून, खरखरीतून, अगदी कानात उत्तर आलं, "घेतला. आता पट्टी डावीकडं घ्या." मी एकटाच हसत उभा राहिलो. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं ते पाहिलं आणि शेळ्या दुसरीकडं वळवल्या.

तोवर गावात मला 'सर्व्हेसायेब' म्हणत. कुणाच्या बांधावर दुर्बीण लावली की ताक यायचं. जमीन पाण्याखाली जाणार का, एवढाच काय तो संशय त्यांच्या डोळ्यांत असायचा, आणि तो आम्हा दोघांवर सारखाच होता.

गणपतीच्या दिवसांतच लढाई सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं संध्याकाळी गर्दी व्हायला लागली. शत्रूचे लोक छत्र्या बांधून विमानातून उतरतात, खाली त्यांचे हस्तक असतात, ते खुणा करून जागा दाखवतात, असं कुणीतरी बार्शीहून ऐकून आलं. त्यानंतर चार-दोन दिवसांतच चहाच्या हॉटेलात मालक मला म्हणाला, "मियाँसायेब, साखर कमी का?" शब्द वाईट नव्हता. पण 'सर्व्हेसायेब' गेलं ते माझ्या लक्षात आलं. मी बाकावर बसलो तसे शेजारचे दोघं अर्धा चहा ठेवून उठले.

मग मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. माळावर चढलो की खाली तुरीत एक पागोटं हलायचं. मी थांबलो की तेही थांबायचं. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "भाऊ, त्यो डबा घरात नका आनू. लेकराबाळांचं घर हाय." डबा आत्ता आलेला, पण मी वर्षभर त्या घरात होतो; आता तिला डब्यासारखी माझीही भीती वाटत होती का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्याच संध्याकाळी ओव्हरसियर म्हणाले, "दोन्ही संच माझ्याकडं राहू द्या. लोखंडी पेटीत टाकतो, दमट हवा आहे."

हवा अजिबात दमट नव्हती. मी माझा संच त्यांच्या हातात दिला. पेटीला कुलूप लागल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. आजवर त्या पेटीला कुलूप मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडंही वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ते पोस्टात का गेले? पोलीसपाटलांशी पारावर इतका वेळ काय बोलत होते? माझ्याशी मात्र ते पूर्वीपेक्षा जास्तच गोड बोलत होते, आणि मला ते गोड बोलणंच खुपत होतं.

पोलीसपाटील साठीचे असतील. वाळके, उंच, कमी बोलणारे. रझाकारांच्या वेळी त्यांचं घर जळालं होतं आणि धाकटा भाऊ मारला गेला होता, हे मला गावात पाऊल टाकल्याच्या आठवड्यातच तिघांनी सांगितलं होतं. ते मला रामराम घालायचे, पण कधी बसा म्हणाले नाहीत. माझ्याविरुद्ध कुणी बोट उचलणार असेल तर तेच, अशी माझी खात्री होती.

एका दुपारी भूमच्या पोलीस ठाण्यातून जमादार आले, सोबत एक शिपाई. जमादार साताऱ्याकडचे, नवीनच बदलून आलेले. संचांच्या परवानगीचे कागद आमच्या कचेरीत होते, ते मी सांगितलं.

"ते कळेल," जमादार म्हणाले. "आम्हाला यंत्र चालवून दाखवा. तुमचे साहेब आमच्या शिपायाबरोबर पलीकडं जातील. तुम्ही इथून बोला."

मला हायसंच वाटलं. दाखवलं की संपलं. ओव्हरसियर पेटीतून संच घेऊन आले आणि एक माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

ते दोघं ओढा उतरून समोरच्या टेकडीकडं निघाले. इकडं माळावर जमादार, पोलीसपाटील, मी, आणि जरा लांब गावातली वीस-एक माणसं. सूर्य टेकायला आला तेव्हा पलीकडं दोन माणसं उभी दिसली. मी दांडी ओढली, बटण दाबलं.

"साहेब, ऐकू येतंय का? उत्तर द्या."

बटण सोडलं. नुसती खरखर.

पुन्हा बोललो. पुन्हा तेच. समोर ते दिसत होते, हातात संच दिसत होता. मी संच वळवून पाहिला, दांडी पुरती बाहेर आहे का बघितलं, खालचं झाकण दाबलं. लोक कुजबुजायला लागले.

"बोला की," जमादार म्हणाले. "रोज तर बोलता म्हणे."

तिसऱ्यांदा बटण सोडलं, आणि खरखरीच्या मागून एक आवाज वर आला. पुरुषाचा, ठाम, सावकाश. उर्दू.

तो कुठून आला हे मला तेव्हा कळलं नाही. दिवस मावळताना लांबची रेडिओ केंद्रं असल्या संचांत घुसतात, हे पुढं एका तारखात्यातल्या माणसानं समजावलं. तेव्हा एवढंच कळलं की कानात उर्दू आहे आणि ती कुणाची आहे हे मला माहीत नाही. दिल्लीची की लाहोरची? शब्द माझे लहानपणापासूनचे, पण भीतीनं त्यांचा अर्थच लागेना. माझा चेहरा उतरला असणार.

"काय ऐकू आलं?" जमादारांनी चटकन विचारलं.

"काही नाही" म्हणता आलं असतं. दांडी आत ढकलली असती तर संच मुका झाला असता. पण सगळे बघत होते. मी संच त्यांच्यापुढं धरला. त्यांनी कानाला लावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"ही कुठली भाषा? मुसलमानी?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "कुणाशी बोलत होतास?"

'तुम्ही'चं 'तू' झालं. मागची माणसं दोन पावलं पुढं सरकली. तेवढ्यात पोलीसपाटील हात पुढं करून म्हणाले, "द्या हिकडं. म्या उर्दूतच शिकलोय. निजामाच्या शाळंत सातवीपर्यंत."

त्यांनी पागोटं जरा मागं सारलं, गोल कानाला लावला आणि डोळे मिटले. तो आवाज आता फक्त त्यांनाच ऐकू येत होता. ते जे सांगतील ते खरं होणार होतं. मी त्यांच्या ओठांकडं बघत राहिलो. जळालेलं घर आणि मेलेला भाऊ, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते बराच वेळ ऐकत होते.

मग त्यांनी डोळे उघडले. "दिल्लीचं हाय," ते म्हणाले. "आपलंच. जखमी शिपायांसाठी रगत द्या म्हनतंय. मग गव्हाचं काहीतरी. आता बाई बातम्या सांगाय लागली."

"नक्की?" जमादार म्हणाले.

"व्हय. नाव घेतलं की तिनं आपल्या परधानमंत्र्याचं, मानानं. ती तिकडली असती तर शिव्या दिल्या असत्या."

कुणीतरी मागं हसलं. जमादारांनी संच परत घेतला, पुन्हा कानाला लावला, पण त्यांना काय कळणार? समोरच्या टेकडीकडं बघून त्यांनी रुमाल हलवला. आणि लगेच, त्यांच्या हातातल्या संचातून ओव्हरसियरांचा आवाज आला, मलाही ऐकू येईल एवढा स्पष्ट. "हॅलो. हॅलो. ऐकू येतंय."

म्हणजे संच ठीक होता. रुमाल हलेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असं आधीच ठरलेलं होतं. मी एकटा पडलो की कुणाला हाक मारतो, ते त्यांना बघायचं होतं.

ओव्हरसियर परत आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, तुम्ही कळवलं का यांना?"

"नाही," ते म्हणाले. "मी कळवलं नाही. पण त्यांनी विचारलं, तुम्हाला खात्री आहे का, तेव्हा मी हो म्हटलं नाही. गप्प राहिलो."

त्यांचं म्हणणं खरं असेल. पण त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला जमादाराच्या 'तू'पेक्षा जास्त राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. खोलीवर स्टोव्ह एकच होता. त्या दिवसापासून मी सगळा चहा हॉटेलातच घ्यायला लागलो.

संच जमादार घेऊन गेले. लढाई थांबल्यावर संच कचेरीत परत आले, पण आमच्याकडं पुन्हा पाठवले नाहीत. मला कुणी पकडलं नाही, पुन्हा काही विचारलंही नाही. गावात पुन्हा 'सर्व्हेसायेब' सुरू झालं, तरी ते म्हणताना प्रत्येक जण आधी क्षणभर थांबतो असं मला वाटायचं. कदाचित थांबतही नसतील.

पोलीसपाटलांचे आभार मानायला मी त्यांच्या दारी गेलो. ते दावणीला बैल बांधत होते.

"म्या तुमच्यासाठी न्हाय सांगितलं," ते वळूनही न बघता म्हणाले. "ऐकलं ते सांगितलं. तिकडलं असतं तर तेबी सांगितलं असतं."

त्यानंतर ते मला भेटले ते भूमच्या बाजारात, दिवाळीच्या आधी. मिरच्या निवडत उभे होते. मी सलाम केला. इकडंतिकडं कुणी ओळखीचं नाही हे पाहून ते हळू आवाजात, स्वच्छ जुन्या शाळेच्या उर्दूत म्हणाले, घरी सगळे खैरियत से आहेत ना, वालिदांची तबियत कशी आहे. वडील बरे आहेत, असं मी चकित होऊन उर्दूतच उत्तर दिलं. क्षणभर त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा दिसला. "लई वर्सांनी तोंडात आली," ते म्हणाले.

एवढ्यात ईटचा एक जण पिशवी घेऊन येताना दिसला. पाटलांनी मान मिरच्यांकडं वळवली आणि रोजच्या कोरड्या आवाजात विचारलं, "तलाव कवा व्हायचा म्हनलात, सर्व्हेसायेब?"