नक्की कोणाचा नवरा गेला होता

माझी वहिनी केस कापते. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, औषधांचं दुकान आणि चपला दुरुस्त करणारा यांच्या मधे तिचं पार्लर आहे. तिचं म्हणजे तिचं आणि तिच्या एका मैत्रिणीचं, अर्धं अर्धं. आत दोन खुर्च्या, दोन आरसे, डोकं धुवायला एक बेसिन, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. त्या बाकावर बसलं की भिंत पाठीला गार लागते.

हात तिचा चांगलाच आहे. पण खरं सांगायचं तर बायका तिच्याकडे केसांसाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त यायच्या. मैत्रीण तोंडाने फटकळ, दिवसभर रेडिओ लावणारी, स्वतःच बोलत सुटणारी. वहिनी उलट. ती फक्त "मग?" म्हणायची. पण ते "मग?" असं असायचं की आपल्या सासूने काल दाराला आतून कडी लावली, यापेक्षा महत्त्वाचं जगात आज काही घडलेलंच नाही, असं समोरच्या बाईला वाटावं. बाई उठायची तेव्हा तिचे केस कमी झालेले असायचे आणि चेहराही हलका झालेला असायचा. मी स्वतः कितीदा तिच्या खुर्चीत बसून मन मोकळं केलंय. मी तिची नणंद, त्याच इमारतीत एक मजला खाली राहते, तरी बोलायला पार्लरमध्ये जायचे. घरी ते "मग?" मिळायचं नाही.

घरी का मिळत नाही, याचा विचार मात्र आम्ही कोणीच केला नव्हता.

मागच्या वर्षी कधीतरी ते सुरू झालं असावं. कधी, ते तिलाही सांगता येत नाही. कामावरून आली की ती चपला न काढता न्हाणीघरात जाऊन नुसती बसायची. जेवायला काय करायचं विचारलं तर "काहीही". पंखा लावू का, तर "लाव नाहीतर नको". एकदा डब्याचं झाकण उघडेना म्हणून ती ओट्याशी उभी राहून रडली. दादाने झाकण उघडून दिलं. त्याला वाटलं प्रश्न सुटला.

माझी भाची कॉलेजात आहे. एका संध्याकाळी ती आईला कॉलेजातल्या एका मैत्रिणीशी झालेलं आपलं भांडण सांगत होती. वहिनी भाजी निवडत होती आणि मधून मधून "मग?" म्हणत होती. अचानक भाची थांबली.

"आई, तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतेय की."

"मी आत्ता काय म्हणाले?"

वहिनीने मान वर केली. तिला एक शब्दही सांगता येईना. नंतर ती मला म्हणाली, "तिचे ओठ हलत होते गं. माझ्या तोंडातून 'मग' पण बरोबर वेळेला येत होतं. पण मी कुठे होते, मला माहीत नाही."

घरात ज्याने त्याने आपापलं निदान केलं. दादा म्हणाला चष्म्याचा नंबर वाढला असेल. माझा नवरा म्हणाला या वयात बायकांचं असं होतंच. मी म्हणाले रक्त कमी असणार. भाचीने मोबाइलवर वाचून काहीतरी लांबलचक नाव सांगितलं आणि दादाने तिला गप्प केलं. वहिनीचं म्हणणं एकच, "मला काही झालेलं नाही. मी आळशी झालेय."

मग ती शाळेतल्या बाईंची गोष्ट घडली.

या बाई जवळच्याच शाळेत गणित शिकवतात. वर्षानुवर्षं वहिनीकडेच केस कापतात, महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी. त्या शनिवारीही आल्या, खुर्चीत बसल्या. वहिनीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आणि खांद्यावर हात ठेवून, आरशात त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बाई, तुमचे मिस्टर गेल्याचं कळल्यापासून माझं मन लागत नाहीये. इतका भला माणूस."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचे मिस्टर वाण्याकडे गेले होते, येताना बाईंना घेऊन घरी जायचं असं ठरलेलं. बाईंना वाटलं वाटेत अपघात झाला, सगळ्यांना कळलंय आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाहीये. त्या कापडासकट उठल्या आणि दाराकडे धावल्या. तेवढ्यात मिस्टर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात हजर. "झाले का कापून?" त्यांनी विचारलं. बाई त्यांच्या गळ्यात पडल्या. पिशवीतली अंडी फुटली.

हे मला वहिनीच्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आधी हसू आलं. मैत्रीणही हसतच सांगत होती. पण वहिनी तेव्हा हसली नव्हती. तिने शंभर वेळा माफी मागितली, बाईही मोठ्या मनाने "असू दे, असू दे" म्हणाल्या. मग वहिनी कात्री खाली ठेवून बाकावर जाऊन बसली आणि मैत्रिणीला विचारलं, "मग कोणाचा नवरा गेला?"

"कोणाचा म्हणजे?"

"माझ्या खुर्चीत बसून एक बाई रडली होती. मी तिचा हात धरला होता. ती कोण?"

मैत्रिणीने रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "तू घरी जा. आठ दिवस येऊ नकोस."

वहिनी घरी आली आणि झोपली. आम्हाला बरं वाटलं. झोप हवीच होती, आता आठ दिवसांत ताजीतवानी होईल. ती दिवसाही झोपायची. उठायची ती आणखी दमलेली. आणि जागेपणी डोक्यात एकच, ती बाई कोण? ती मला एकेक नाव घेऊन विचारायची. बँकेतली? फुलांच्या दुकानातली? ती उंच, घाऱ्या डोळ्यांची? "एवढं मोठं दुःख तिने मला सांगितलं आणि मला तिचं तोंडही आठवत नाही. मी कसली बाई आहे?"

शेवटी मी आणि दादा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. रक्त थोडंसं कमी निघालं. मी दादाकडे बघितलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्याने असं होत नाही. गोळ्या देते, पण कारण हे नाही." मग त्यांनी वहिनीला विचारलं, "कामावर जाताना शेवटचं छान कधी वाटलं होतं?"

वहिनीने उलट विचारलं, "तसं वाटायला लागतं का?"

"रोज नाही. पण कधीतरी."

"आठवत नाही."

"तुम्ही दमलात. आणि हा थकवा झोपून जाणारा नाही."

"दमायला मी दगड फोडते का? उभी राहते आणि केस कापते. माझी मैत्रीणही तेच करते, ती नाही दमत."

"ती ऐकते का तुमच्यासारखं?"

वहिनी जरा रागानेच म्हणाली, "ऐकायला काय लागतं? कान तर उघडेच असतात."

डॉक्टरीणबाईंनी दोन महिने काम बंद करायला सांगितलं आणि दर आठवड्याला येऊन भेटायला. घरी येताना वहिनी म्हणाली, "पडले असते, हाड मोडलं असतं, तर प्लास्टर तरी दिसलं असतं. लोकांना सांगू काय?" मलाही समजेना काय सांगायचं. विचारणाऱ्यांना मी "बरं नाहीये" एवढंच सांगायचे, आणि लोक आवाज खाली करून "अरेरे" म्हणायचे, जणू काही भलतंच झालंय.

ते दोन महिने विचित्र होते. कामाला जायचं नाही तर दिवस कसा घालवायचा, हे तिला येतच नव्हतं. भाचीने एकदा विचारलं, "आई, तुला काय करायला आवडतं?" तर वहिनी म्हणाली, "कशात?" चेष्टा नव्हती ती. दादाने तिच्यासाठी विणकामाच्या सुया आणल्या, त्या पिशवीतच राहिल्या. मी तिला संध्याकाळी तलावाकडे फिरायला न्यायला लागले. तिचं मन रमावं म्हणून मी वाटेत सगळ्या इमारतीच्या बातम्या सांगायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती मधेच थांबली आणि म्हणाली, "अगं, आपण न बोलता चालू या का?"

मला लागलं ते. मी तोंड फुगवून चालत राहिले. पण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लांबवर चालली, आणि परत आल्यावर तिने स्वतःहून एक केळं सोलून खाल्लं. मी काय समजायचं? आम्ही रोज तशाच जायला लागलो, एकमेकींवर रुसलेल्या बायकांसारख्या. समोरून येणारे ओळखीचे लोक खरंच विचारायचे, काही बिनसलंय का.

मधे मैत्रीण भेटायला आली. तिनेही आपल्या परीने शोध घेतला होता.

"ऐक," ती म्हणाली, "आपल्या गिऱ्हाइकांपैकी कोणाचाच नवरा गेलेला नाही. ती बँकेतली आहे ना, ती तिच्या बहिणीच्या शेजारणीबद्दल सांगत होती. नवरा त्या शेजारणीचा गेला. आणि बँकवाली रडत होती ते तिच्या डोळ्यात केसांच्या रंगाचा थेंब गेला म्हणून. तू तिचा हात धरलास, ती म्हणाली मला जरा ओशाळल्यासारखं झालं."

वहिनीने विचारलं, "म्हणजे मी इतके दिवस कोणासाठी रडले?"

"ते मला काय विचारतेस? चहा कर."

वहिनीने चहा केला. कप ठेवताना तिला हसू फुटलं, मग ते थांबेना, मग त्याचं रडं झालं, आणि मैत्रीण तिच्या पाठीवर थापट्या मारत माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे आता हे चांगलं की वाईट. मी खांदे उडवले.

डॉक्टरीणबाईंना तिने हे सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या जणींचं दुःख घेऊन घेऊन तुमच्या आत जागाच उरली नाही. वहिनीला ते पटलं आणि नाहीही पटलं. "मला कुठे जड वाटायचं? उलट आतून रिकामं वाटायचं. भरलेलं आणि रिकामं एकाच वेळी कसं असेल?" यावर डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तिला नीट आठवत नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्यांच्याकडे गेली.

मग ती कामावर परतली, आधी फक्त सकाळी. दोघींनी मिळून एक ठरवलं. ज्यांना बोलायचंय त्यांनी मैत्रिणीच्या खुर्चीत बसायचं, वहिनीची खुर्ची गप्प बसणाऱ्यांची. मैत्रीण येणाऱ्या प्रत्येकीला हे तिच्या पद्धतीने सांगायची, "हिचे कान दुरुस्तीला टाकलेत." काहीजणी दुखावल्या. एक जुनी गिऱ्हाईक सरळ दुसरीकडे जायला लागली आणि रस्त्यात भेटली तर मान फिरवते. वहिनीला त्याचं वाईट वाटलं. पण अशाही बायका निघाल्या, ज्यांना अर्धा तास कोणी काही न विचारता डोक्यावरून हात फिरवलेला हवा होता. शाळेतल्या बाई त्यातल्याच. त्या म्हणाल्या, शाळेत दिवसभर माझीच बडबड असते, मला इथे गप्प बसायला मिळालं तर देव पावला.

तरी एकदा एक बाई त्या खुर्चीत बसून रडायला लागली. डोळ्यात रंग गेला नव्हता, खरंखुरं रडणं. वहिनीने तिला कोरडा टॉवेल दिला, तिचं होईपर्यंत हात थांबवला, आणि मग पुढचे केस कापले. "मग?" विचारलं नाही. घरी येऊन मला म्हणाली, "मला विचारावंसं वाटलंच नाही. ही मी बरी होतेय, की दगड होतेय?"

मी म्हणाले, "जेवलीस का?"

"हो. दोनदा वाढून घेतलं."

"मग दगड नसशील."

तिला ते काही फारसं पटलेलं दिसलं नाही.

आता ती आठवड्यातून चार दिवस जाते. शनिवार सोडलाय. काही दिवस बरे असतात, तेव्हा ती एखाद्या मुलीचे लांब केस कापताना मनापासून रमते आणि पार्लर बंद करायची वेळ विसरते. काही दिवस पुन्हा ते न्हाणीघर आणि पायातल्या चपला. कशाने बरं वाटलं म्हणाल तर सांगता येत नाही. दादा म्हणतो रक्ताच्या गोळ्यांनी. मैत्रीण म्हणते माझ्या खुर्चीच्या युक्तीने. मला तलावाचं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळ्याने थोडं थोडं, आणि अजून व्हायचंय.

परवा दादाने बैठकीच्या खोलीला नवे पडदे लावले, करड्या रंगाचे. संध्याकाळी मी वर गेले तर दोघांचं जुंपलेलं.

"हे काय आणलंत? दवाखान्यासारखं दिसतंय. मला हिरवे हवेत."

"तुला विचारलं तेव्हा म्हणालीस काहीही आण."

"तेव्हा म्हणाले असेन. आता हिरवे हवेत म्हणते ना."

"आता मला कसं कळणार तेव्हाचं काय आणि आताचं काय?"

"मला तरी कुठे कळतंय," वहिनी म्हणाली आणि स्टुलावर चढून पडदा काढायला लागली. दादा खाली स्टूल धरून उभा राहिला, गोंधळलेला. भाची दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी पडद्याचं दुसरं टोक सोडवायला गेलो.