तिसरा परिच्छेद काल्पनिक

बारामतीतल्या एका रद्दीच्या दुकानातून मी ते पुस्तक उचललं तेव्हा त्याला मुखपृष्ठ नव्हतं. पहिली सोळा पानंही नव्हती. दुकानदार चाचा जुन्या ओळखीचे. जुने अहवाल, गॅझेटियरचे सुटे भाग असं काही आलं की ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत. हे पुस्तक मात्र त्यांनी तराजूच्या पायाखाली टेकण म्हणून सरकवलं होतं.

"घेऊन जावा," चाचा म्हणाले. "वरचं पान न्हाय, गिऱ्हाईक हात लावत न्हाय. तराजूला मी दुसरं काय तरी लावतो."

मी त्या वेळी एका दैनिकाचा बारामती-इंदापूरचा बातमीदार होतो. रविवारच्या पुरवणीत दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या गोष्टींवर माझं एक सदर यायचं. मजकूर चारशे शब्दांचा, आणि तो शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवायचा. त्या शुक्रवारी माझ्याजवळ दोनशे साठ शब्द होते.

पुस्तक सतराव्या पानापासून सुरू होत होतं. परगणे इंदापूर, कोणत्या गावचा सारा किती, कोणाकडे कोणतं वतन, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं आणि साऱ्यात सूट देणारा कौल मिळाल्यावर कोण परत आलं, असा सगळा तपशील. मग नीरेकाठच्या दोन गावांत शिवेवरून वाद होतो. वेशीचा आणि शिवेचा राखणदार म्हणजे वेसकर. त्याची साक्ष अखेरची मानली जाते. तो सांगतो, शीव ओढ्याच्या उत्तर काठानं जाते. खाली साक्षीदारांची यादी आणि मोहोर. वर्णन वाचून मला वडगाव निंबाळकरच्या बाजूचा एक ओढा आठवला. पुस्तकात गावाचं नाव निराळं होतं. जुनी नावं बदलतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात हा निवाडा त्या ओढ्याला लावून टाकला. 'जुन्या कागदपत्रांनुसार' हे शब्दही घातले. चारशे भरले.

सोमवारी जळोचीला घरी पुढं वाचायला घेतलं. एकेचाळिसाव्या पानावर पाटील बैल जुंपून शिवेचा दगड उपटतो आणि दोन शेतं पलीकडे रोवतो. त्रेचाळिसाव्या पानावर दगड परत निघतो. रोज चार बोटं. गाव त्याला वळसा घालून कामाला जातं. कुलकर्णी रोजची चाल वहीत लिहून ठेवतो. दगडाच्या वाटेत कुणाची ज्वारी आली तर काय करायचं, यावर कचेरीत पत्रव्यवहार होतो आणि उत्तर यायच्या आत दगड ज्वारीतून पार झालेला असतो.

बावीस वर्षांच्या नोकरीत कादंबरीतून बातमी उचलण्याची ही माझी पहिली वेळ होती. मी कुणाला बोललो नाही. पुस्तक मात्र खाली ठेवलं नाही. त्यात चमत्कार घडला की लेखक आवाज चढवत नव्हता. दगड चालतो हे वाक्य आणि सारा वसूल झाला हे वाक्य एकाच चालीत येत होतं. वाचणाऱ्याला दचकायला वेळच मिळत नव्हता. असं मराठीत मी पूर्वी वाचलं नव्हतं. लेखक कोण, हे शोधायला ना मुखपृष्ठ ना शेवटचं पान. चाचांनाही पुस्तक कुणाच्या रद्दीतून आलं ते आठवत नव्हतं.

लेख आल्याच्या नवव्या दिवशी कार्यालयात फोन आला. आवाज वयस्क बाईंचा होता.

"तुमच्या रविवारच्या लेखातला तिसरा परिच्छेद कुठून घेतला?"

"एका जुन्या पुस्तकातून."

"पुस्तकाचं नाव?"

"पहिली पानं गेलीत त्याची."

"शेवटचंही गेलं असेल. शेवटच्या पानावर मी लिहिलंय की हे सगळं काल्पनिक आहे."

त्या सणसरला राहत होत्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली. उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत पोचलो तेव्हा त्या ओसरीवर भिंग घेऊन बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी केलेली, आता निवृत्त. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची दोन कपाटं. टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे, प्रत्येकावर गावाच्या नावाची चिठ्ठी. त्यांना मोडी लिपी येत होती. दोन्ही तालुक्यांतले लोक जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येत. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी असे, कुणाला वाटणीपत्र, कुणाला बांधाचा निवाडा. त्या वाचत, देवनागरीत उतरवून देत आणि खाली सही करत.

"मोडी का शिकलात?" मी विचारलं.

"आमच्या घरात वतनाचा एक कागद होता. आज्याचा आजा शीव राखायचा. कागदात काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येईना. ज्यांना वाचता यायचं ते सांगतील ते खरं. मला ते पटलं नाही."

त्यांच्या कादंबऱ्या तीन होत्या. पुरुषाच्या टोपणनावानं छापलेल्या, छपाईचा खर्च स्वतः केलेला. विकत घेणारे थोडे, वाचून पत्र पाठवणारे त्याहून थोडे. मी टोपणनावाचं कारण विचारलं. त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे हात केला.

"ही माणसं माझ्याकडं खरे कागद आणतात. कादंबरीत मी पानंच्या पानं निवाडे रचते. मोहोर, साक्षीदार, सगळं. ही बाई घरी बसून जुने कागद तयार करते, असं कळलं तर माझ्या सहीला कोण विचारील? आणि ज्यांना आधीच सह्या करून दिल्या, त्यांच्या कागदांचं काय?"

मी म्हणालो, खुलासा छापतो, तुमचं नाव घालत नाही. तिथूनच पुरवणीच्या संपादकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "कादंबरीतून घेतलं म्हणता, मग कादंबरी कुणाची ते नको? आधी नाव नसलेला पुरावा छापलात, आता नाव नसलेला खुलासा." फोन स्पीकरवर होता. बाई हसल्या.

"तुमचे साहेब बरोबर बोलतात," त्या म्हणाल्या. "पण खरी अडचण वेगळी आहे. ती आत्ता येईल."

अडचण अकराच्या सुमाराला आली. वडगावचे एक तात्या, सत्तरीचे, धोतर आणि डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांचं शेत ओढ्याला दक्षिणेकडून लागून. ओढ्यापलीकडच्या पट्ट्यावरून शेजाऱ्याशी दोन पिढ्यांचा वाद. घरातला मोडी निवाडा त्यांनी महिन्यापूर्वी बाईंकडे वाचायला दिला होता. आता त्यांनी पिशवीतून माझा लेख काढला. लॅमिनेट केलेला.

"बाई, हे बघा. पेपरात आलंय, शीव वरल्या काठानं जाती. गावाच्या ग्रुपवर बी टाकलंय पोरांनी. आता आपला कागद तेवढा याला जुळवून सही करा, वकील म्हनतो दाव्याला लावून टाकू."

"तात्या, ते खरं नाही."

"पेपरात खोटं कसं येईल?"

"ज्यांनी लिहिलं ते समोर बसलेत. विचारा त्यांना."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे व्हय? मला वाटलं मीटरवाले."

मी सांगितलं की चूक माझी. पुस्तकातून घेतलं, तपासलं नाही, ओढाही माझ्याच मनानं जोडला.

"आसंल. पर पुस्तकात तर खरं आसंल की."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. गप्प बसायचं तर ती वेळ हीच होती. तात्यांना पुस्तकाशी घेणंदेणं नव्हतं, 'पुस्तक चुकीचं आहे' म्हटलं असतं तरी ते निघून गेले असते.

"पुस्तक माझं आहे तात्या. मी लिहिलंय."

"तुमी?"

"मनानं रचलंय. त्या काळचा सारा आणि अंमलदार खरे. ती दोन गावं, वेसकर आणि निवाडा माझा."

तात्या बराच वेळ लॅमिनेशनवरची धूळ पुसत राहिले.

"म्हंजे तुमी कागूद रचता."

"कादंबरीत."

"आन् माझा?"

"तुमच्या कागदात मी एक अक्षर घालत नाही."

"ते मी कसं वळखायचं, बाई? मला तर मोडी येत न्हाय. तुमी म्हनाल ते ऐकायचं."

हे वाक्य बाईंना लागलं असणार. काही वेळापूर्वी त्या स्वतःच्या घराबद्दल जवळजवळ हेच बोलल्या होत्या. त्या उठल्या, तात्यांच्या कागदाचं तयार लिप्यंतर काढलं, लिफाफ्यात घातलं, चिकटवलं आणि जोडावर सही केली.

"पुण्यात दुसरे मोडी वाचणारे आहेत. नाव-पत्ता लिहून देते. मूळ कागद त्यांना दाखवा, हा लिफाफा दाखवू नका. त्यांनी लिहून दिलं की दोन्ही घेऊन या. माझ्यासमोर फोडा."

"आन् जुळलं न्हाय तर?"

"मग माझ्याकडं यायचं बंद करा. इतरांनाही सांगा."

तात्यांनी लिफाफा पिशवीत टाकला. लॅमिनेट केलेला लेख टेबलावरच राहिला. दारापाशी जाऊन ते वळले.

"एक सांगा. पुस्तकात शेवटी कोन जिंकतं?"

"पाटील नाही," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "नाव छापा. तात्यांना सांगितलं म्हणजे वडगावला सांगितलं. पेपरानं कशाला मागं राहायचं?"

खुलासा पुढच्या रविवारी आला. तिसऱ्या परिच्छेदातला निवाडा काल्पनिक असून तो अमुक कादंबरीतला आहे, लेखिका अमुक, त्या मोडी लिपीच्या वाचक आहेत, चूक बातमीदाराची. चौकट लहान होती, पण माझ्या कोणत्याही लेखापेक्षा जास्त वाचली गेली. सोमवारी चाचांनी मला दुकानात हाक मारली. "अहो, ती बाई कोन हाय? तिची बुकं मागायला तीन मान्सं येऊन गेली. आन् मी तराजूखाली घालून बसलो हुतो."

सणसरला उलटं झालं. दोन घरांनी कागद परत नेले. एकानं चहा घेतला, पण कागद नेण्याचं कारण सांगितलं नाही. इंदापूरहून एका वकिलानं फोन करून आधीच्या सगळ्या सह्यांची यादी मागितली. बाईंनी ती तयार करून पाठवली. त्या पंधरा-वीस दिवसांत नवीन कागद एकही आला नाही. त्यांनी टेबल आवरलं नाही, भिंगही जागचं हलवलं नाही.

मी सणसरला जात राहिलो त्याला निमित्त होतं, उरलेल्या दोन कादंबऱ्या. त्या मी तेव्हाच वाचल्या. एकीत भीमेकाठचा मोजणीदार आहे. त्याची सावली ज्या जमिनीवर पडते ती जमीन आपला खरा मालक सांगते, म्हणून गावोगावचे मातबर त्याला फक्त ढगाळ दिवशी बोलावतात. दुसरी कालव्याच्या खोदाईच्या काळातली. साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवता, साहेबाच्या कचेरीत अर्ज करतात की आमचा डोह कालव्यात जातोय, पर्यायी डोह मिळावा. साहेब कायदे चाळतो आणि तशी तरतूद नाही असं कळवतो. आसरा अपील करतात. दुष्काळी कामावरच्या बाया त्यांना अर्ज लिहायला मदत करतात. मी हसत वाचत होतो आणि शेवटच्या पन्नास पानांत हसणं कधी थांबलं ते समजलं नाही.

बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसरांचा अर्ज मी सात वेळा लिहिला. खरा अर्जदार असा लांब लिहीत नाही."

तात्या चौथ्या आठवड्यात आले. त्यांच्या निरोपावरून बाईंनी मलाही बोलावलं होतं. तात्यांना साक्षीला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांच्या मते चूक कबूल केलेला माणूस बरा. लिफाफा त्यांनी माझ्या हातात दिला. जोड शाबूत होता. मी बाईंचं लिप्यंतर मोठ्यानं वाचत गेलो, बाई पुण्याच्या वाचनावर बोट ठेवून बघत गेल्या. तात्या मान खाली घालून ऐकत होते. नावं जुळली. साक्षीदार जुळले. शीव दोघांच्याही वाचनात ओढ्याच्या दक्षिण काठानं जात होती, म्हणजे तात्यांच्या शेताला लागून. अकराव्या ओळीत फरक निघाला. बाईंनी एका साक्षीदाराचा चुलता लिहिला होता, पुण्याच्या वाचनात भाऊ होता.

बाईंनी मूळ कागद भिंगाखाली धरला. 

"ते बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. भाऊच आहे."

त्यांनी आपल्या प्रतीवर तो शब्द खोडला, वर दुरुस्ती लिहिली, सही करून त्या दिवसाची तारीख घातली आणि प्रत तात्यांपुढे सरकवली. तात्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"पट्टा गेला म्हना."

"कागदाप्रमाणं गेला."

"दोघांनी मिळून मला वड्याच्या अलीकडं आनून सोडलं." मग पिशवीत हात घालून त्यांनी दोरीनं बांधलेला दुसरा गठ्ठा काढला. "ही सासुरवाडीची. मेव्हना म्हनतो पुन्याला न्यायची. मी म्हनलं, कशाला उगी फेरा? हितं आमची बाई हाय. चुकली तर चुकले म्हनती."

बाईंनी गठ्ठा सोडला. पानं एकावर एक सरळ केली, कोपरा फाटलेलं एक वेगळं ठेवलं आणि वाचायला घेण्याआधी तात्यांना कागद मिळाल्याची पोच लिहून दिली.